चार वाजताचा ढग

३ नोव्हेंबर, सोमवार

कॉलेजातल्या सरांचा फोन आला. बेकरीचा कोर्स करणारी एक विद्यार्थिनी आहे, इंटर्नशिपसाठी पाठवतो, दोन महिने तुमच्याकडे शिकेल, मुलाखत घेऊन तुम्हीच काय ते ठरवा, म्हणाले. मुलाखत! आयुष्यात माझी कोणी घेतली नाही आणि मी कोणाची घेतली नाही. बाबांनी एक दिवस गल्ल्यावर बसवलं, ती अजून उठले नाही.

पण माणूस हवंच आहे. धाकट्याच्याने आता पोतं उचलवत नाही. धाकटा म्हणजे माझा भाऊ. पन्नाशी उलटली त्याची, तरी माझ्या तोंडी तेच. आज सकाळी पीठ मळता मळता दोनदा थांबला आणि टेबलाला धरून उभा राहिला. छातीतून शिट्टी ऐकू येत होती. मी म्हटलं, "आत किटली ठेवलीयस का रे?" तो हसला आणि हसता हसता पुन्हा खोकायला लागला.

बाबांचंही असंच होतं. विडीला कधी हात लावला नाही त्यांनी, तरी शेवटची कितीतरी वर्षं खोकत काढली. घराण्याचाच खोकला आहे. बेकरीबरोबर बाबांनी तोही धाकट्याच्या नावावर करून दिला.

काळजी मात्र वाटते. धाकटा बसला तर दुकानही बसलं. आमचं दुकान ते केवढं! वर आमचं घर, खाली पुढे गल्ला आणि कपाटं, मागे भट्टीची खोली आणि मध्ये काच. ती काच बाबांची कल्पना. चार वाजता शेवटचे बन वळायला घेताना टेबलावर कोरडं पीठ भुरभुरावं लागतं, म्हणजे गोळा चिकटत नाही. बाबा ते भुरभुरत नसत, उडवत. मूठ वर नेऊन अशी काही झटकायचे की पीठ थेट छताला, आणि मग पिवळ्या दिव्याखाली ढग तरंगत राहायचा. तो मोडू नये म्हणून पंखा बंद, खिडकी बंद, दारही ओढलेलं. शाळा सुटलेली पोरं काचेला नाकं लावून उभी. ढगातून बाबा बाहेर आले की टाळ्या! आता ते सगळं धाकटा करतो. पोरं टाळ्या वाजवतात, त्यांच्या आया गरम बन घेतात. कोपऱ्यावर नवं चकचकीत दुकान उघडलंय, तिथे काचेच्या पेटीत तऱ्हेतऱ्हेचे केक आहेत. ढग नाही. आमच्याकडे ढगाशिवाय दुसरं आहे काय?

६ नोव्हेंबर, गुरुवार

मुलगी आली. वेळेआधीच. बारीक चणीची, चष्मा, केस घट्ट बांधलेले. मी आधी नखं पाहिली. कापलेली होती. मनातल्या मनात एक मार्क दिला.

गल्ल्यामागच्या स्टुलावर बसवलं. धाकटा भट्टीच्या खोलीच्या दारात टेकून उभा होता. काय विचारायचं ते मी सकाळपासून घोकत होते, ऐन वेळी निम्मं विसरले.

"पहाटे उठवेल का तुला?"

"रोजच उठते, मॅडम. आई शिवणकाम करते, सकाळी तिचे कपडे पोचवायचे असतात."

"आणि बेकरीच का? बरी कामं कमी आहेत?"

"पाव भाजल्याचा वास आवडतो," म्हणाली आणि लाजली. धाकटा एकदम खुलला. त्याच्या मते मुलाखत तिथेच संपली होती.

पण माझी खरी परीक्षा पुढेच होती. तिला आत नेलं, टेबलापाशी उभं केलं आणि म्हटलं, "आता पीठ उडवून दाखव."

"उडवून म्हणजे?"

धाकट्याने एक लहानशी मूठ उडवून दाखवली. छान ढग झाला. मग त्याला खोकल्याची उबळ आली, ती थांबेपर्यंत आम्ही दोघी उभ्या राहिलो. पोरगी माझ्याकडे बघायचं सोडून त्याच्याकडेच बघत होती. मग तिने चाळणी मागून घेतली, हात टेबलाला टेकेल इतका खाली नेला आणि हलक्या हाताने पीठ पसरलं. हवेत कणभर गेलं नाही. गोळा ठेवला, वळला, चिकटलाही नाही.

"उडव म्हटलं मी," मी म्हणाले. "टेबलाला पावडर काय लावतेस?"

"उडवलं की श्वासात जातं, मॅडम."

"आमच्या दोन पिढ्यांनी श्वासातच घेतलंय. त्याच्यावरच पोटं भरलीत."

यावर गप्प बसावं की नाही? तर नाही. धाकट्याकडे वळून विचारते, "काका, सुट्टीच्या दिवशी खोकला कमी असतो का हो?"

मी म्हटलं, "बाई गं, मुलाखत कोण कोणाची घेतंय?" तेवढ्यात बाहेर गिऱ्हाईक आलं म्हणून मला जावं लागलं. परत आले तशी दोघांनी बोलणं तोडलं. धाकटा ओल्या फडक्याने टेबल पुसत होता आणि पोरगी खाली मान घालून उभी होती. तिला 'कळवते' म्हणून वाटेला लावलं.

डॉक्टरीणबाई! आली होती पाव शिकायला आणि निघाली छाती तपासायला.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

धाकटा म्हणतो, हिलाच घे. मी म्हटलं, जिला साधं पीठ उडवता येत नाही तिला घेऊन काय करू? तर म्हणतो, "ताई, बाकी सगळं येतं तिला." अरे, पण बाकी सगळं तर कोपऱ्यावरच्या दुकानातही येतं!

सरांना फोन केला आणि 'ही नको' म्हणून कळवलं. आणि धाकट्याला सांगितलं की तिनेच नाही म्हटलं. खोटं बोलले. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि 'बरं' म्हणाला. त्याने आरडाओरडा केला असता तर परवडलं असतं. त्याचं ते 'बरं' दिवसभर टोचत राहिलं.

१६ नोव्हेंबर, रविवार

मावसभावाच्या मुलीच्या लग्नाहून आज परत आलो. दुकान तीन दिवस बंद ठेवलं, बाबा गेल्यानंतर पहिल्यांदाच. जीव अर्धा इकडेच होता माझा. पण गेलो ते बरं झालं. धाकटा नुसता फुलला होता! पहिल्या दिवशी थोडा खोकला, दुसऱ्या दिवशी त्याहून कमी, आणि काल तर दिवसभर एकदाही नाही. आमची खोली तिसऱ्या मजल्यावर होती, माझ्या गुडघ्यांनी हाय खाल्ली आणि हा माझी बॅग घेऊन भराभरा वर. वरातीत पोरींबरोबर नाचलासुद्धा. एका म्हातारीने मला विचारलं, "याचं लग्न अजून का नाही केलंत?" मी म्हटलं, शोधा एखादी, आजच उरकून टाकू.

हवापालट म्हणतात तो खरा. शिवाय एक गोष्ट लक्षात आली. शरीरातच काही बिघाड असता तर तिथेही खोकला असता. म्हणजे दुखणं मनाचं आहे. कामाचा कंटाळा आलाय त्याला.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

काल दुपारपर्यंत ठीक होता, संध्याकाळी शिट्टी सुरू. आज पुन्हा पहिल्यासारखा पोत्यावर बसून राहिला, दोन्ही हात गुडघ्यांवर, खांदे वर ओढलेले. माझं डोकं फिरलं. म्हटलं, "वरातीत नाचायला दम होता, आणि आता गोळे वळायला नाही?" बोलले आणि जीभ चावली. त्याने नुसता हात हलवला. बोलायला श्वास तर हवा.

इथे कोणी वाचणार नाही म्हणून लिहिते. मला भीती वाटते. आई गेली तेव्हा तो दोन वर्षांचा होता आणि मी आठ. माझ्या कडेवर वाढला तो. शाळेतून आले की आधी त्याच्या नाकाशी बोट धरून बघायचे, श्वास चालू आहे ना. आई झोपेत गेली होती ना, म्हणून. आता एवढा बाप्या झाला तरी तो झोपला की मी दारातून कानोसा घेते.

दुपारी थोडं बरं वाटल्यावर म्हणाला, "ताई, त्या मुलीला फोन कर. तिने नाही म्हटलेलं नाही, ठाऊक आहे मला." काय बोलणार? केला फोन. सोमवारपासून येतेय.

२४ नोव्हेंबर, सोमवार

डॉक्टरीणबाई कामाला लागल्या. कामाला वाघ आहे, खोटं कशाला बोलू! आल्या आल्या खिडकी उघडली, टेबलं ओल्या फडक्याने पुसली, झाडू कोपऱ्यात उभा करून ठेवला. पिठाचं सगळं तिने स्वतःकडे घेतलं आणि धाकट्याला भट्टीपाशी उभं केलं. मला आता मावशी म्हणते. मीही म्हणू देते.

आईकडून कापडी मास्क शिवून आणले होते तिने, तिघांसाठी तीन. माझ्या मास्कवर बारीक फुलं होती. मी म्हटलं, "कौतुक आहे गं तुझ्या आईचं, पण हे इथे चालायचं नाही. काचेतून लोक बघतात. आत काही रोगराई आहे म्हणून बोंब होईल." धाकट्याने स्वतःचा मास्क घडी करून खिशात ठेवला.

चार वाजता पोरं आली. तिने चाळणीने पीठ पसरलं. पोरं थोडा वेळ थांबली, एकाने काच वाजवली, मग गेली.

३० नोव्हेंबर, रविवार

धाकटा सकाळी गुणगुणत होता! आठवडाभर तब्येत सुधारते आहे. मी रोज आल्याचा काढा देते त्याला, त्याचा गुण आला.

२ डिसेंबर, मंगळवार

पोरं येईनाशी झालीत. काचेपुढची जागा चार वाजता इतकी रिकामी मी कधी पाहिली नव्हती. बन उरतात, दुसऱ्या दिवशी कापून टोस्ट करावे लागतात. शेजारच्या शिंप्याने विचारलं, "ताई, ढग बंद केलात का? पोरं कोपऱ्यावर केक बघत उभी असतात." बाबांचं दुकान माझ्या हातून बंद पडणार की काय?

संध्याकाळी पोरीला म्हटलं, "हे बघ, एकच मूठ. धाकट्याला नको, तू उडव."

"नाही मावशी."

"अगं, एकदाच!"

"बाकी काहीही सांगा. भांडी घासीन, फरशी पुसेन. हे नाही करणार." डोळे भरले होते, पण मान ताठ.

मग माझा तोल गेला. "तर मग उद्यापासून यायचं नाही. आणि सर्टिफिकेट विसरायचं." ती टेबल पुसत राहिली. धाकटा मागे भट्टीपाशीच होता. ऐकलं असणार त्याने सगळं. ऐकू दे. कोणीतरी दुकानाचा विचार करायला हवा ना!

३ डिसेंबर, बुधवार

आजचा दिवस बाबांनी पाहायला हवा होता.

पोरगी आली होती. मी तोंड फिरवलं. पण साडेतीनलाच धाकटा उठला, हात धुतले आणि म्हणाला, "ताई, शाळेपाशी जाऊन पोरांना सांग, आज ढग आहे." मी चपला घालून धावलेच. परत आले तर त्याने खिडकी लावून घेतली होती, पंखा बंद केला होता, आणि पोरीला म्हणत होता, "तू बाहेर जा. पोरांबरोबर उभी राहून बघ. तू कुठे पाहिलायस अजून!" ती "काका, नको" म्हणत होती. त्याने तिला खांद्याला धरून बाहेर आणलं आणि मला म्हणाला, "हिला ठेव बरं का ताई. सर्टिफिकेट पुरं कर तिचं." मी म्हटलं, ठेवते बाबा, ठेवते. आत गेला आणि दार ओढून घेतलं.

काय ढग होता! एक मूठ, दुसरी, तिसरी. धाकटा दिसेनासा झाला, दिवासुद्धा अंधूक झाला. पोरं नाचत होती, शिंपी दुकान सोडून आला होता, रस्त्यावरची माणसं थांबली. मग ढग खाली बसायला लागला आणि त्यातून धाकटा बाहेर आला, पांढराफटक, दोन्ही हातांनी टेबल धरून. टाळ्याच टाळ्या! ओठ जरा निळसर वाटले, पण पिवळ्या दिव्यात रंग नीट कळतात कुठे? बन हातोहात संपले.

पोरीने तेवढ्या टाळ्या वाजवल्या नाहीत. रडत होती. पहिल्यांदा बघणाऱ्याचं होतं असं, मलाही लहानपणी भरून यायचं.

धाकटा म्हणाला, "झालं ना ताई मनासारखं?" रागाने नव्हे, अगदी मायेने. मग पडतो जरा म्हणून वर गेला. जेवला नाही. दमलाय, झोपू दे. उद्या बन वाढवायला हवेत.

१४ डिसेंबर, रविवार

धाकटा गेला.

एवढे दिवस हे लिहायला हात उचलला नाही. ४ तारखेला सकाळी चहा घेऊन वर गेले, तर खिडकी सताड उघडी आणि हा उशीला टेकून बसलेला, तोंड खिडकीकडे. मी म्हटलं, "थंडी वाजेल रे." मग त्याच्या नाकाशी बोट धरलं.

मी का नाही गेले वर? रोज दारातून कानोसा घेते, त्याच दिवशी बनांचा हिशोब करत बसले आणि तिथेच डोळा लागला. रडू येत नाही.

डॉक्टर म्हणाले दम्याचा झटका. आमच्याकडे दमा कोणालाच नव्हता, नुसता खोकला. तर म्हणतात, "दोन वर्षं माझ्याकडे येत होते ते. तुम्हाला बोलले नाहीत?" मला? माझ्यापासून लपवण्यासारखं काय होतं त्याच्याकडे? डॉक्टर पुढेही बरंच सांगत होते, कामाबद्दल, खोलीबद्दल. त्यांचे ओठ हलताना दिसत होते. मी मध्येच उठले आणि बाहेर आले.

१८ डिसेंबर, गुरुवार

पोरगी आली. दुकान बंदच आहे, मागच्या दाराने आली. आईने डबा दिला होता माझ्यासाठी. मी घेतला आणि तिच्यावर तुटून पडले. म्हटलं, तू एक मूठ उडवली असतीस तर त्याला उठावं लागलं नसतं. तू मारलंस त्याला. असंच म्हणाले, याच शब्दांत.

तिने ऐकून घेतलं. चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग हळू आवाजात म्हणाली, "काकांना माहीत होतं, मावशी. मी आले त्याच दिवशी त्यांनी सांगितलं होतं मला. ताईला बोलू नकोस म्हणाले."

"काय माहीत होतं?"

तिने काचेतून आतल्या टेबलाकडे पाहिलं. बोलण्यासाठी तोंड उघडलं, आणि मी ओरडले, "जा! जा आता." ती गेली. डबा ठेवून गेली.

धाकट्याला काय माहीत होतं ते मला कळून घ्यायचं नाही. कळून तो काही परत यायचा नाही, आणि मला तर अजून जगायचंय. सरांना मात्र फोन केला. म्हटलं, पोरगी गुणाची आहे, तिला सगळे मार्क द्या, पुरे दोन महिन्यांचे. सर म्हणाले, "दुसरी कोणी पाठवू का? दुकान चालू करणार आहात ना?" मी हो म्हटलं. नाही म्हणून दिवसभर करू काय?

१२ जानेवारी, सोमवार

दुसरी मुलाखत झाली.

ही मुलगी गोबरी, बोलघेवडी. स्टुलावर टेकायच्या आधीच म्हणाली, "मी लहानपणी रोज यायचे इथे, शाळेतून येताना! काचेला नाक लावून उभी असायचे. ढगवाले काका कुठे आहेत?" मी म्हटलं, नाहीत. तिला वाटलं बाहेर गेलेत.

मी विचारलं, पहाटे उठवेल का. उठवेल म्हणाली. घरी कोण कोण, तेही विचारलं. उत्तर आठवत नाही. ती बोलत होती आणि तिची नजर सारखी काचेपलीकडे. "आत जाऊ का एकदा?" म्हणाली. जा म्हटलं. तेवढ्यात शिंपी सुटे मागायला आला. त्याला सुटे देऊन वळते तर आतलं दार ओढलेलं, पिवळा दिवा लावलेला, आणि ही टेबलामागे उभी, मूठ पिठाने भरून वर नेलेली, माझ्याकडे बघून हसतेय.

मी आत कशी पोचले ते मला सांगता येणार नाही. स्टूल पडलं, एवढं ऐकू आलं. तिचं मनगट धरलं होतं मी, दोन्ही हातांनी, आणि ओरडत होते, "ठेव खाली! खाली ठेव म्हणते ना!" पोरगी थिजली. मूठ उघडून पीठ हळूच डब्यात सोडलं तिने. तरी माझ्याने मनगट सोडवेना. शेवटी तीच रडवेली होऊन म्हणाली, "चुकलं माझं. मला वाटलं, तुम्हाला आवडेल."

मी खिडकी उघडली. पंखा लावला. पडलेलं स्टूल उचलून ठेवलं. काहीतरी बोलायला हवं होतं. म्हटलं, "घाबरू नकोस. तुझी निवड झाली, उद्यापासून ये. फक्त ते उडवायचं नाही. मैदा महाग झालाय हल्ली, असा उधळून चालत नाही."

"बरं, मावशी," म्हणाली. तिला पटलं. कोणालाही पटलं असतं. पोरांनाही पटलं असतं, शिंप्यालाही.

एवढं साधं कारण मला धाकट्यासाठी सुचलं नाही.